विंडोजसोबत आलेली फायरवॉल पुरते का? दुकान, सेवा केंद्र आणि घरच्या कॉम्प्युटरची तपासणी

नवा कॉम्प्युटर घेतला की दुकानदार अँटीव्हायरसच्या डबीसोबत हमखास सांगतो, "फायरवॉलवालं पॅकेज घ्या, विंडोजचं कामाचं नसतं." लातूरच्या मोंढ्यातल्या आडतीवर, नांदेड-परभणीच्या मेडिकलवर, तालुक्याच्या सेवा केंद्रात हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर आधीच देतो. घर, दुकान, आपले सरकार सेवा केंद्र, शिकवणीचं ऑफिस अशा ठिकाणी विंडोजसोबत येणारी फायरवॉल तिच्या कामाला पुरते. त्यासाठी वेगळे पैसे खर्च करू नका.

मात्र ती चालू असली पाहिजे, आणि तिच्यात दिलेल्या परवानग्या मोजक्याच असल्या पाहिजेत. आपल्याकडे घोडं अडतं ते इथंच. प्रिंटर शेअर होईना म्हणून कोणीतरी ती बंद केलेली असते, अंगठ्याचं मशीन चालेना म्हणून बंद केलेली असते, आणि पुढं ती चालू करायची कोणाला आठवण राहत नाही. असा कॉम्प्युटर वर्षानुवर्षं उघडा चालतो आणि मालकाला वाटतं की अँटीव्हायरस आहे म्हणजे सगळं झालं.

तिचं काम कोणतं

नेटवर्कवरून कॉम्प्युटरशी कोणी स्वतःहून जोडणी करू पाहत असेल, तर फायरवॉल आपले नियम बघते. परवानगीचा नियम नसेल तर ती जोडणी तिथंच टाकून देते. तुम्ही स्वतः ब्राउझर उघडून जीएसटीच्या किंवा पीकविम्याच्या पोर्टलवर गेलात, तर त्या पोर्टलकडून येणारं उत्तर मात्र ती आत सोडते, कारण सुरुवात तुम्ही केलेली असते. गोदामावरच्या वॉचमनला मालकानं "आत येणाऱ्या प्रत्येक गाडीची पावती बघ" एवढंच सांगितलेलं असावं, बाहेर निघालेल्या गाडीला विचारायचं काही बोललेलंच नसावं, तसा हा कारभार आहे. विंडोजची फायरवॉल मूळ मांडणीत आत येणारं अडवते आणि बाहेर जाणारं सोडते. हे एक वाक्य नीट ध्यानात ठेवलं, तर तिच्याकडून काय अपेक्षा धरायची आणि काय धरायची नाही ते पुढं आपोआप कळत जाईल.

"कामाचं नसतं" हा समज कुठून आला तेही सांगतो. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण मूळ मांडणीत बंद असायची. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा व्हायरस, पसरला. तो १३५ नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरमध्ये यायचं नंबर दिलेलं दार) आत शिरायचा. कोणी काही उघडायची, क्लिक करायची गरज नव्हती. कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला असला की पुरे. त्यानंतर ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टनं फायरवॉल आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. तरीही एक्सपीतली फायरवॉल फक्त आत येणारंच बघू शकायची. बाहेर जाणाऱ्यावर नियम लावायची सोय व्हिस्टापासून आली. लोकांच्या डोक्यात अजून एक्सपीच्या काळातलीच फायरवॉल बसलेली आहे. आज विंडोज १० किंवा ११ मध्ये असते ती बरीच पुढं गेलेली आहे.

पहिली पायरी: ती चालू आहे का ते बघा

स्टार्ट मेनूत विंडोज सिक्युरिटी शोधून उघडा आणि 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' वर जा. तिथं डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक अशा तीन ओळी दिसतील. तिन्हींच्या खाली 'फायरवॉल इज ऑन' असं लिहिलेलं हवं. सध्या तुम्ही ज्या नेटवर्कवर आहात त्या ओळीसमोर 'अ‍ॅक्टिव्ह' असं दिसेल. "आम्ही फक्त प्रायव्हेटच वापरतो" म्हणून बाकीच्या दोन बंद ठेवू नका. लॅपटॉप उद्या एसटी स्टँडजवळच्या लॉजच्या वायफायला जोडला, की ओळ बदलते.

विकतचं सिक्युरिटी पॅकेज असेल, तर तिथं विंडोजऐवजी त्या पॅकेजचं नाव दिसेल. त्याच्या फायरवॉलनं ताबा घेतला असा त्याचा अर्थ. तसं असायला हरकत नाही. दोन फायरवॉल एकाच वेळी चालवायच्या नसतात. त्या एकमेकींच्या नियमात पाय अडकवतात आणि मग दोन्ही बंद करण्याची पाळी येते. इथं बघायची गोष्ट एकच, त्या पॅकेजची मुदत. वर्षाचं लायसन्स संपलेलं, नूतनीकरण झालेलं नाही आणि प्रोग्रॅम तसाच बसून आहे, असे कॉम्प्युटर पुष्कळ दिसतात. अशा वेळी पॅकेज पूर्ण काढून टाका, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि याच पानावर येऊन विंडोजच्या तिन्ही ओळी चालू झाल्या का ते डोळ्यांनी बघा. अंदाजावर सोडू नका.

दुसरी पायरी: प्रायव्हेट की पब्लिक

तपासणीत सगळ्यात जास्त फरक याच पायरीनं पडतो, आणि हीच बहुतेकांकडून सुटते. विंडोज प्रत्येक नेटवर्कला एक शिक्का मारतं. प्रायव्हेट म्हणजे या नेटवर्कवरची बाकीची यंत्रं माझ्या भरवशाची आहेत. पब्लिक म्हणजे कोणावरच भरवसा नाही. फाईल आणि प्रिंटर शेअरिंगसारख्या परवानग्या सहसा प्रायव्हेटवर लागू असतात.

विंडोज १० मध्ये नवं वायफाय जोडताना एक प्रश्न येतो: या नेटवर्कवरच्या इतर यंत्रांना तुमचा कॉम्प्युटर दिसू द्यायचा का? घाईत 'येस' दाबलं की नेटवर्क प्रायव्हेट झालं. विंडोज ११ नवं नेटवर्क पब्लिकच धरतं, ते बरं आहे. बदलायचं असेल तर सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', तिथून चालू वायफाय किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीज, आणि तिथं 'नेटवर्क प्रोफाइल टाईप'.

नियम सोपा ठेवा. ज्या नेटवर्कवर दुसऱ्या कॉम्प्युटरशी किंवा प्रिंटरशी शेअरिंग करायचं आहे आणि ज्याचा पासवर्ड फक्त तुमच्या माणसांकडे आहे, तेवढंच प्रायव्हेट. लॉज, हॉस्पिटल, अभ्यासिका, मंगल कार्यालय, आणि स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉटसुद्धा पब्लिक. लातुरात नीटच्या तयारीला आलेली मुलं एका होस्टेलचं वायफाय वापरतात आणि पासवर्ड सगळ्या मजल्यांना माहीत असतो. तिथं लॅपटॉप प्रायव्हेटवर असणं म्हणजे साऱ्या होस्टेलला ओळखीचं मानणं होय.

मोबाईल हॉटस्पॉटचं एक कारण वेगळं सांगतो. वायर्ड ब्रॉडबँडवर राउटर मध्ये असतो. जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ पत्त्यांसाठी तो नॅट करतो, म्हणजे आतली सगळी यंत्रं एकाच पत्त्यामागं झाकलेली राहतात आणि बाहेरच्याला थेट आतल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येत नाही. अनेकांना फायरवॉल बंद असूनही आजवर काही झालेलं नाही, त्याचं श्रेय बऱ्याचदा या नॅटचं असतं. आता जिओसारख्या नेटवर्कवर नव्या पद्धतीचे आयपीव्ही६ पत्ते सर्रास मिळतात. तिथं हॉटस्पॉटला जोडलेल्या लॅपटॉपला स्वतःचा, जगात एकमेव असा पत्ता मिळतो आणि तो झाकणारं नॅट मध्ये नसतं. तुमच्याकडे तसं आहे का ते बघायचं असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाका. आयपीव्ही६ च्या ओळीत २ या आकड्यानं सुरू होणारा पत्ता दिसला, तर तो जगाला उघडा पत्ता आहे. एफई८० नं सुरू होणारा पत्ता फक्त आतल्या नेटवर्कपुरता असतो. उघडा पत्ता असताना वाटेत कोणीतरी अडवेल या भरवशावर राहू नका. तुमच्या आणि इंटरनेटच्या मध्ये त्या घडीला विंडोजची फायरवॉल उभी असते, म्हणून ती चालू आणि नेटवर्क पब्लिक.

तिसरी पायरी: प्रिंटर फायरवॉल चालू ठेवून शेअर करा

"शेठ, फायरवॉल बंद केल्याशिवाय प्रिंटर निघत नाही." हे वाक्य ऐकलं की त्या माणसाला थांबवा. प्रिंटर निघतो. एका कॉम्प्युटरला यूएसबीनं प्रिंटर लावलाय आणि काउंटरवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पट्टी छापायची आहे, असं धरू.

दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरला जोडा आणि दोन्हीकडे नेटवर्क प्रायव्हेट करा. मग फायरवॉलच्या पानावर 'अलाउ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू फायरवॉल' उघडा, वरचं 'चेंज सेटिंग्ज' दाबा आणि यादीत 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' शोधा. त्यासमोर दोन चौकटी असतात. प्रायव्हेटच्या चौकटीत टिक करा, पब्लिकची रिकामी ठेवा. 'नेटवर्क डिस्कव्हरी'चंही तसंच करा. त्यानंतर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शेअरिंग चालू करा.

तरीही जोडलं जात नसेल तर अडचण बहुधा यूजर आणि पासवर्डची असते. ज्या कॉम्प्युटरला प्रिंटर आहे, त्यावर पासवर्ड असलेला एक साधा यूजर तयार करा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जोडताना तोच वापरा. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत पासवर्डाशिवायचं पाहुणं शेअरिंग बहुतेक ठिकाणी मुळातच अडवलेलं आहे. तिथं फायरवॉल बंद केली तरी प्रिंटर जागचा हलणार नाही, कारण अडवणारा दुसराच असतो. नवा प्रिंटर घेणार असाल तर वायफाय किंवा लॅनचा घ्या. कॉम्प्युटर स्वतः त्याच्याकडे जातो, त्यामुळं आत येणाऱ्या परवानग्यांचा प्रश्नच बराचसा मिटतो. थोडे पैसे जास्त जातात, पण मला तो खर्च योग्य वाटतो.

शेअरिंगच्या बाबतीत मी इतका आग्रह का धरतो, तर १२ मे २०१७. त्या दिवशी वॉनाक्राय हा फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. त्यानं विंडोजच्या फाईल शेअरिंगमधल्या एका दोषाचा फायदा घेतला आणि ४४५ नंबरच्या पोर्टवरून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर उडी मारत गेला. त्या दोषावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिलेला होता. ज्यांनी अपडेट टाकलं ते वाचले. अपडेट नसूनही ज्यांच्या फायरवॉलनं ४४५ वर बाहेरून येणारं अडवलं, त्यांच्याकडे तो नेटवर्कवरून शिरू शकला नाही. दोन्ही नसलेले सापडले. म्हणजे परवानगी दिलेल्या पोर्टवर फायरवॉल तुमचं रक्षण करत नाही. तिथं भिस्त अपडेटवर असते. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मोंढ्यात अजून विंडोज ७ वर हिशेब ठेवणारी दुकानं आहेत. त्या कॉम्प्युटरवर शेअरिंग अजिबात ठेवू नका, आणि जमेल तेव्हा तो इंटरनेटवरून काढूनच टाका.

चौथी पायरी: अंगठ्याच्या मशीनचं निमित्त

सेवा केंद्र आणि रेशन, पेन्शनची कामं करणाऱ्यांसाठी हा भाग आहे. जुलैत पीकविम्याची गर्दी असते, बाहेर रांग लागलेली असते, आणि नेमकं तेव्हाच पोर्टलला अंगठ्याचं मशीन सापडत नाही. फोनवर कोणीतरी सांगतं, "दादा, फायरवॉल बंद करून बघा." रांगेच्या ताणात माणूस करून बसतो.

मशीनसोबत आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्रॅम बसतो. ब्राउझर आणि ती सर्व्हिस एकाच कॉम्प्युटरच्या आत, ११,१०० ते ११,१२० या पट्ट्यातल्या पोर्टवर, आपसात बोलतात. हे बोलणं नेटवर्कवर जातच नाही, आणि कॉम्प्युटरच्या पोटातल्या पोटात चाललेल्या अशा बोलण्याला विंडोजची फायरवॉल सहसा हात लावत नाही. म्हणून ती बंद करून मशीन चालू होण्याची अपेक्षाच चुकीची आहे. बंद करून नंतर चाललंच, तर ते मधल्या रीस्टार्टमुळं किंवा केबल काढून घातल्यामुळं चाललेलं असतं.

त्याऐवजी हे बघा. सर्व्हिसेसच्या यादीत आरडी सर्व्हिस 'रनिंग' आहे का. नसेल तर चालू करा. त्या मशीनच्या आरडी सर्व्हिसची वार्षिक मुदत संपली का. कॉम्प्युटरची तारीख-वेळ बरोबर आहे का. बोर्डावरची बॅटरी संपलेल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये लाईट गेली की तारीख मागं जाते आणि मग प्रमाणपत्रं चुकीची ठरतात. आधीच्या कंपनीच्या मशीनचा ड्रायव्हर अजून बसलेला आहे का. विकतच्या अँटीव्हायरसचं 'वेब प्रोटेक्शन' मात्र ब्राउझरच्या बोलण्यात मध्ये येऊ शकतं. तिथं पोर्टलचा पत्ता अपवादात टाकायची सोय असते. सगळा अँटीव्हायरस बंद करायची गरज नाही.

पाचवी पायरी: जुन्या परवानग्या झाडून काढा

हे काम वर्षातून एकदा तरी करा. एखादा प्रोग्रॅम पहिल्यांदा बाहेरची जोडणी स्वीकारायला उभा राहतो, तेव्हा विंडोज खिडकी उघडून विचारतं: परवानगी द्यायची का, प्रायव्हेटवर की पब्लिकवर? आपण 'अलाउ' दाबून मोकळे होतो. शिवाय बरेच प्रोग्रॅम इन्स्टॉल होताना विचारल्याशिवाय स्वतःचा नियम घालून ठेवतात. प्रोग्रॅम काढला तरी नियम मागं उरू शकतो.

विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. चौकटीत डब्ल्यू, एफ, टिंब, एम, एस, सी ही इंग्रजी अक्षरं सलग टाका. फायरवॉलचं सविस्तर पान उघडेल. काही बदलण्याआधी उजवीकडच्या 'एक्स्पोर्ट पॉलिसी'नं आजची मांडणी एका फाईलमध्ये जपून ठेवा. मग डावीकडे 'इनबाउंड रूल्स' उघडा. यादी पाहून घाबरू नका. हिरव्या खुणेचे नियम चालू असतात, त्यातले बहुतेक विंडोजचे स्वतःचे आहेत, त्यांना हात लावायचा नाही. तुम्ही शोधायचं ते एवढंच: टॉरेंट, गेम, कधीकाळी वापरलेले रिमोट प्रोग्रॅम, आणि ज्यांचा पत्ता 'डाउनलोड्स' किंवा 'अ‍ॅपडेटा' फोल्डरमधला आहे असे प्रोग्रॅम. ओळखीचा नसेल तो नियम लगेच पुसू नका, 'डिसेबल' करा. आठवडाभर काही अडलं नाही तर मग पुसा.

'रिमोट डेस्कटॉप'चा नियम चालू दिसला तर थांबून विचार करा. दुरून कॉम्प्युटर चालवायची ही सोय विंडोजच्या प्रो आवृत्तीत असते आणि ३३८९ पोर्टवर चालते. सीएच्या ऑफिसातून टॅली बघता यावं म्हणून राउटरवर हा पोर्ट बाहेर उघडून ठेवणं फार धोक्याचं आहे. खंडणी मागणारे हल्लेखोर याच पोर्टावर रात्रंदिवस पासवर्ड लावून बघत असतात. सीएला आकडे हवे असतील तर टॅलीचा बॅकअप पाठवा.

एक बारकावा तंत्रज्ञांनाही चकवतो. परवानगी विचारणाऱ्या खिडकीवर 'कॅन्सल' दाबलं, तर विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी अडवण्याचा नियम तयार करून ठेवतं. अडवण्याचा आणि परवानगीचा असे दोन्ही नियम असले, तर अडवण्याचा जिंकतो. म्हणून टॅली दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडत नसेल आणि पोर्टला परवानगी देऊनही उघडत नसेल, तर यादीत त्याच नावासमोर लाल खूण आहे का ते शोधा. ती काढली की काम होतं. हे माहीत नसल्यामुळं कित्येक ठिकाणी अख्खी फायरवॉल बंद झालेली आहे.

नियमांचा पार गुंता झाला असेल, तर विंडोज सिक्युरिटीतल्या 'रिस्टोअर फायरवॉल्स टू डिफॉल्ट'नं सगळं मूळ मांडणीवर येतं. नंतर प्रिंटर आणि टॅलीच्या परवानग्या पुन्हा द्याव्या लागतील.

राउटर आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर

दुकानात आता बिलिंगचा कॉम्प्युटर, मोबाईल आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर एकाच राउटरवर असतात. घरून मोबाईलवर दुकान बघता यावं म्हणून डीव्हीआर बाहेरून उघडा ठेवलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच असतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटनं (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेनं) असेच मूळ पासवर्ड असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाईट बंद पाडल्या होत्या. हल्लेखोर डीव्हीआरमध्ये शिरला म्हणजे तो तुमच्या राउटरच्या आतल्या बाजूला आला. तिथून बिलिंगच्या कॉम्प्युटरकडे जाताना त्याला अडवायला राउटर उपयोगी नाही. कॉम्प्युटरची स्वतःची फायरवॉलच तिथं कामाला येते. "राउटर आहे ना, मग कशाला" या म्हणण्याला माझं हे उत्तर आहे.

राउटरच्या पानावर जाऊन अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, 'रिमोट मॅनेजमेंट' आणि 'यूपीएनपी' बंद करा. यूपीएनपीमुळं आतली यंत्रं मालकाला न विचारता राउटरवर पोर्ट उघडून घेऊ शकतात. ग्राहकांना वायफाय द्यायचं असेल तर 'गेस्ट नेटवर्क'चं द्या. डीव्हीआरचा पासवर्ड आजच बदला.

इथपर्यंत केल्यावर बाहेरून पोर्ट तपासणाऱ्या वेबसाईटवर चाचणी घ्यायचा मोह होतो. ती चाचणी तुमच्या राउटरची, आणि मोबाईल नेटवर्कवर तर बऱ्याचदा कंपनीच्या यंत्राची होते. कॉम्प्युटरची खरी परीक्षा घ्यायची तर त्याच राउटरला दुसरा लॅपटॉप जोडून एनमॅप या मोफत प्रोग्रॅमनं पहिल्याचा पत्ता तपासा. पब्लिकवर असलेल्या कॉम्प्युटरचे उघडे पोर्ट जवळजवळ दिसायलाच नकोत.

जे ती अडवणार नाही

सेवा केंद्रात आणि दुकानात होणारं बहुतेक नुकसान फायरवॉलच्या वाटेनं येतच नाही. बँकेचा माणूस म्हणवणारा फोन करतो आणि एनीडेस्कसारखा, दुरून कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्रॅम टाकायला सांगतो. हा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवरून बाहेर जोडणी करतो, म्हणून फायरवॉल त्याला सोडते. तिच्या दृष्टीनं ते तुम्हीच केलेलं असतं. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच या पद्धतीबद्दल बँकांना सावध केलं होतं. ईमेलमधून आलेलं खोटं बिल उघडणं, फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकणं, हेही तसंच. विंडोज फुकटात चालू करून देणारे 'अ‍ॅक्टिव्हेटर' तर टाकतानाच सांगतात की आधी अँटीव्हायरस बंद करा. जो प्रोग्रॅम पहारा उठवायला सांगतो, तो आत घेऊ नका. विकतची दुसरी फायरवॉलही यातलं फारसं काही थांबवत नाही.

इथं दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, रोजचं काम 'स्टँडर्ड' यूजरवरून करा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा यूजर वेगळा आणि पासवर्डासह ठेवा. अ‍ॅडमिन हक्क मिळालेला कोणताही घातक प्रोग्रॅम फायरवॉलमध्ये स्वतःसाठी नियम घालू शकतो किंवा ती बंदच करू शकतो. जिचा मालकच प्रत्येक गोष्टीला 'येस' म्हणतो, अशी कोणतीही फायरवॉल टिकत नाही.

दुसरी, बॅकअप. फायरवॉलच्या पॅकेजवर घालणार होता ते पैसे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घाला. टॅलीचा डेटा, ग्राहकांची कागदपत्रं दर आठवड्याला त्यावर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क खंडणीच्या व्हायरसनं कॉम्प्युटरसोबतच कुलूपबंद होते. आणखी एक प्रत दुकानाबाहेर, घरी असू द्या. बॅकअपमधून एखादी फाईल परत उघडून बघितल्याशिवाय तो झाला असं धरू नका.

बाहेर जाणाऱ्यावर नियम लावायचेत?

फक्त हिशेबासाठी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर ते शक्य आहे. त्याच सविस्तर पानावर 'आउटबाउंड रूल्स'मध्ये ठरावीक प्रोग्रॅमला बाहेर जायला बंदी घालता येते. प्रत्येक प्रोग्रॅमबद्दल खिडकी उघडून विचारणारे मोफत प्रोग्रॅमही मिळतात. घरच्या किंवा सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर मात्र मी हे सुचवत नाही. दिवसाला पन्नास पोर्टलं उघडणारा माणूस दर खिडकीवर 'अलाउ' दाबायला लागतो आणि खरी धोक्याची खिडकीही त्यातच निघून जाते.

मॅकमध्ये फायरवॉल मूळ मांडणीत बंद असते. सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क', तिथं 'फायरवॉल' चालू करा. उबुंटूमध्ये यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल बसवलेली असते पण निजलेली असते. टर्मिनलमध्ये sudo ufw enable ही आज्ञा दिली की आत येणारं बंद होतं.

वेगळं यंत्र कोणाला लागतं

पतसंस्था, मोठं हॉस्पिटल, कॉलेज, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना, थोडक्यात जिथं सर्व्हर आहे, अनेक शाखा जोडलेल्या आहेत किंवा दहा-पंधरापेक्षा जास्त कॉम्प्युटर आहेत, तिथं राउटरच्या जागी फायरवॉलचं स्वतंत्र यंत्र बसवणं योग्य आहे. त्यातून विभाग वेगळे करता येतात, बाहेर काय जातंय ते एका जागी दिसतं, शाखेतून सुरक्षित जोडणी करता येते. पण ते सांभाळणारा माणूस ठरलेला हवा. ते बसवलं तरी प्रत्येक कॉम्प्युटरवरची विंडोजची फायरवॉल चालूच ठेवायची.

गडबड झालीच तर

कोणी कॉम्प्युटरचा ताबा घेतल्यासारखं वाटलं, तर आधी लॅनची वायर काढा आणि वायफाय बंद करा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाईटवर कॉम्प्युटर साफ करण्याची मोफत साधनं मिळतात, पण खंडणीचा संदेश दिसत असेल तर काहीही पुसू नका. स्क्रीनचा मोबाईलनं फोटो काढा, पोलिसांना दाखवा, मग विंडोज नव्यानं टाकून बॅकअपमधून डेटा परत घ्या. नव्यानं टाकल्यावर पहिल्या पायरीपासून तपासणी पुन्हा करा, आणि तंत्रज्ञाचे पैसे तिन्ही ओळी चालू दिसल्यावरच द्या.